तीनदा अठ्ठ्याण्णव

“तुमचा हात थरथरतो का हो हल्ली?” एवढे विचारून साहेब थांबलेसुद्धा नाहीत. फाईल काखेत मारून ते सरळ आपल्या खोलीकडे चालते झाले आणि झुलते दार त्यांच्यामागे दोनदा हलून स्थिर झाले. वस्तुतः त्यांनी उत्तर मागितलेच नव्हते. जिना चढणारा मनुष्य सहज कठड्यावर हात ठेवतो आणि पुढे जातो, तसा तो प्रश्न त्यांनी ठेवला होता. परंतु ज्यांच्यावर तो ठेवला गेला ते गृहस्थ त्या क्षणी शंभर मिलिलिटरचा फ्लास्क डोळ्यांच्या पातळीवर धरून उभे होते. पाण्याचा खालचा वळसा फ्लास्कच्या मानेवरील रेघेला टेकण्यास दोन थेंब बाकी होते, आणि बावीस वर्षांत प्रथमच त्यांच्या हातून तीन थेंब पडले. रेघ बुडाली. त्यांनी फ्लास्क बेसिनमध्ये रिकामा केला, तीन वेळा विसळला आणि उपडा घातला. मग इकडेतिकडे कोणी पाहत नाही अशी खात्री करून त्यांनी आपला उजवा हात समोर धरला. हात अगदी स्तब्ध होता. तथापि स्तब्ध दिसणाऱ्या हातावर एकदा संशय आला, म्हणजे त्याची स्तब्धताही त्याने मुद्दाम आणल्यासारखी वाटू लागते.

ही प्रयोगशाळा शहराच्या पाण्याची होती. टाक्यांचे, नळांचे, विहिरींचे पाणी तेथे बाटल्यांतून येई आणि त्यात काय काय किती आहे हे कागदावर उमटून परत जाई. पाण्यातील लोहाचे प्रमाण मोजावयाचे तर अगोदर एक असे द्रावण लागते की ज्यातील लोह आपणांस नेमके ठाऊक आहे. यास प्रमाण द्रावण म्हणतात. सदर द्रावण यंत्रात ठेवून यंत्राचा काटा एकावर बसवावयाचा आणि मग त्या एकाच्या मानाने साऱ्या शहराचे पाणी मोजावयाचे. हा ‘एक’ तयार करण्याचे काम बावीस वर्षे या गृहस्थांकडे होते. मूळ द्रावणात लिटरला हजार मिलिग्रॅम लोह असे. त्यातील दहा मिलिलिटर पिपेटच्या काचनळीने उचलून शंभरच्या फ्लास्कमध्ये सोडावयाचे आणि शुद्ध पाण्याने रेघेपर्यंत भरावयाचे, की झाले शंभर. त्या शंभरातील दहा घेऊन तेच पुन्हा केले, की दहा. तेच आणखी एकदा, की एक. विद्वान लोक यासाठी सूत्र मांडतात. हे गृहस्थ आठवीत शाळा सोडून आलेले असल्यामुळे त्यांच्या लेखी ती केवळ शून्य काढण्याची क्रिया होती. हजाराच्या अंगावरचे एक शून्य उतरवले, दुसरे उतरवले, तिसरे उतरवले आणि आत जो सडा एक राहिला तो बाटलीत भरला. लहान मुलाचे स्वेटर काढावेत तसे हे सारे त्यांना प्रेमाचे वाटे. आणि प्रत्येक नव्याने नोकरीस लागलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच उपदेश करीत की, पिपेट रिकामे झाल्यावर टोकाशी जो शेवटचा थेंब अडून राहतो तो मागावयाचा नाही. झटकावयाचा नाही, फुंकावयाचा तर मुळीच नाही. टोक काचेच्या कडेला टेकवून मनात पंधरा म्हणावयाचे आणि उरला तो थेंब पिपेटचा. या उपदेशापायी त्यांचे नाव थेंबकाका पडले होते, आणि ते त्यांना मनातून आवडत असे.

आता साहेबांनी असा प्रश्न का विचारला, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. मुख्य प्रयोगशाळेकडून वर्षातून एकदा एक सीलबंद बाटली येत असे. तिच्यात लोह किती हे फक्त मुख्य प्रयोगशाळेलाच ठाऊक, इतरांनी मोजून कळवावयाचे. या वर्षी इकडून पॉइंट पंच्याऐंशी कळवले गेले. खरे उत्तर पॉइंट ऐंशी होते आणि पॉइंट चौऱ्याऐंशीपर्यंतचे उत्तर चालणार होते. एका शतांशाने प्रयोगशाळा नापास झाली. त्याचे स्पष्टीकरण उद्या संध्याकाळपर्यंत पाठवावयाचे होते. मोजणी करणाऱ्या बाई नव्या होत्या. नोकरीस चारच महिने झालेले, अजून कायम व्हावयाच्या होत्या, आणि तीन दिवस त्या तेच गणित पुनःपुन्हा करून पाहत होत्या. साहेबांनी मात्र निराळाच उपाय काढला होता. यापुढे द्रावणे येथे करावयाचीच नाहीत, तयार सीलबंद बाटल्या विकत घ्यावयाच्या. मग खिडकीजवळच्या त्या टेबलाचे कामच उरणार नव्हते, आणि थेंबकाकांसाठी आवक नोंदीची खुर्ची ठरलीही होती. बाटल्या येतील, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवावयाच्या. खुर्चीला गादी आहे, असेही साहेब म्हणाले होते. गादीचा उल्लेख त्यांना विशेष लागला.

संध्याकाळी बसमध्ये त्यांनी वरचा दांडा धरला आणि सारा रस्ताभर स्वतःच्या मुठीकडे पाहत राहिले. बस थरथरत होती, दांडा थरथरत होता, शेजारच्या माणसाच्या हातातील वर्तमानपत्र थरथरत होते, तेव्हा मूठही थरथरत होती. यातून निष्कर्ष काढणे शक्य नव्हते. एका थांब्यावर इंजिन बंद पडले आणि सारे स्तब्ध झाले. अहा, असे त्यांना वाटले, आता कळेल. परंतु तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, “काका, दांड्याला सोडा की जरा, बाकीच्यांनाही धरायचाय,” आणि सारी बस हसली. थेंबकाकाही हसले. हसल्याने त्यांना बरे वाटले आणि बरे वाटल्याचे त्यांना नवल वाटले. मनुष्याच्या मनात काटा बोचत असतानाही त्याच मनाचा दुसरा कोपरा खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचीत मजेत बसलेला असतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात पूर्वीही अनेकदा आली होती. पण ती कोणाला सांगावी कशी, हे त्यांना कधी सुचले नव्हते.

घरी पत्नी शिवणयंत्रावर बसली होती. ती घरीच कपडे शिवत असे आणि तिचा हात इतका चालता होता की, ती बोलताना शिवण थांबत नसे आणि शिवताना बोलणे थांबत नसे. त्यांनी बूट काढले, हात धुतले आणि बराच वेळ पुसत उभे राहून विचारले, “काय गं, माझा हात थरथरतो का?”

“कधी?”

“कधीही. एकूण.”

तिने यंत्र थांबवले. ही गोष्ट क्वचित घडत असे. तिने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि सर्वांत बारीक सुई व काळा दोरा त्यांच्या हाती दिला. थेंबकाकांनी दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले, सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्याच प्रयत्नात ओवली.

“हात बरा आहे,” ती म्हणाली. “आता डोकं दाखवून या कुठेतरी.”

“अगं, चेष्टा नाही. साहेबांनी विचारलं.”

“साहेबांना म्हणावं, आमच्याकडे या. त्यांच्याही हातात सुई देते. बघू कितीदा टोचून घेतात.”

मग चहा झाला, आणि त्यांनी तिला पॉइंट पंच्याऐंशीची सर्व हकिकत निवेदन केली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली. अर्थात तिला त्यातील किती कळले हे सांगता येत नाही, कारण शेवटी ती भलतेच बोलली. “माझी मागची मापाची टेप आठवते? सुरुवातीचा अर्धा इंच झिजून तुटला होता आणि मला पत्ताच नव्हता. महिनाभर जी बाई येईल ती जाड. पोस्टातल्या बाई जाड, त्यांची सून जाड, ती काडीसारखी नर्ससुद्धा जाड. मी आपली म्हणतेय, सगळ्यांना सुखाचे दिवस आलेत! आणि कपडे बघावेत तर सगळे ढगळ.” ती हसत सुटली आणि तेही हसले. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली, हे त्यांनी सकाळी उठल्यावर थोड्या अपराधी भावनेने लक्षात घेतले.

सकाळी ते सर्वांच्या आधी पोहोचले. सुईने हाताला निर्दोष ठरवले होते. तथापि सुई ही घरची पंच होती, आणि घरच्या पंचाचा निकाल कचेरीत चालत नाही. म्हणून त्यांनी तराजूला विचारण्याचे ठरवले. काचेच्या पेटीतील तो तराजू ग्रॅमच्या शतांशापर्यंत खरे बोलत असे. त्यांनी पिपेटमध्ये दहाच्या रेघेपर्यंत शुद्ध पाणी ओढले, कोरड्या पेल्यात सोडले, टोक कडेला टेकवले, मनात पंधरा म्हटले आणि पेला तराजूवर ठेवला. खोलीच्या उष्णतेचा फरक भिंतीवरील तक्त्यावरून भरून काढल्यावर आकडा आला नऊ पॉइंट ऐंशी. त्यांनी पुन्हा केले. नऊ पॉइंट ऐंशी. पुन्हा. नऊ पॉइंट एक्क्याऐंशी. पुन्हा. नऊ पॉइंट ऐंशी. दहा वेळा त्यांनी हे केले आणि दहाही आकडे वर्गातील शहाण्या मुलांसारखे एका रांगेत बसले. प्रथम त्यांना हर्ष झाला. थरथरणारा हात असे आकडे देऊच शकत नाही; तो एकदा नऊ सत्तर देईल, एकदा दहा पाच देईल. हात निर्दोष होता! मग त्या हर्षाच्या पोटातून दुसरी गोष्ट हळूहळू वर आली. हात इतका चांगला होता की, तो दहाही वेळा तंतोतंत तेवढेच चुकला होता. दहाच्या जागी नऊ ऐंशी. थरथरणारा हात निदान मधूनच एखाद्या वेळी बरोबर तरी आला असता.

त्यांनी पिपेट उजेडात धरले. हे नवे पिपेट होते. पूर्वीचे सारे पोटवाले, म्हणजे मधे फुगीर व वरखाली बारीक असे असत. ते फुटत फुटत संपले तेव्हा भांडारातून या सरळ काड्या आल्या, त्याला आठ आठवडे झाले होते. वरच्या टोकाशी दोन नाजूक पट्ट्या होत्या. बाहीच्या कडेला किनार असावी तशा त्या त्यांना शोभेच्या वाटल्या होत्या, किंबहुना आवडल्याही होत्या. खालच्या टोकाशी शेवटचा थेंब अडून राहिला होता. पोटवाल्याचा थेंब मुगाएवढा असे. हा त्याहून बराच मोठा, लांबट, अंगठ्याच्या नखाएवढा उंच चढलेला होता. आठ आठवडे तो रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि रोज त्यांनी त्याच्याकडून आदराने नजर वळवली होती, कारण तो पिपेटचा होता. आता त्यांनी रबरी फुगा वर लावला आणि आयुष्यात प्रथमच जाणूनबुजून फुंकला. थेंब पेल्यात पडला. तराजू म्हणाला, दहा.

थेंबकाका स्टुलावर बसले. त्यांना आई आठवली. आई तेलाची रिकामी बाटली कढईवर उलटी धरून भिंतीला टेकवून ठेवी आणि दुपारभर तिला तशीच राहू देई. मग त्या कढईच्या बुडाशी जे चमचाभर तेल जमे ते पाहून जणू कोणी पाहुणा आल्यासारखा तिचा चेहरा खुले. त्या घरात शेवटचा थेंब सोडून देणे ही गोष्ट कोणाला माहीतच नव्हती. तेथून ते या खोलीत आले, आणि जुने साहेब, जे पुढे निवृत्त झाले आणि ज्यांनी त्यांना बाटल्या धुण्यावरून उचलून या टेबलाशी उभे केले, त्यांनी पहिल्याच दिवशी त्यांचा पिपेट झटकणारा हात हवेत धरला. “अहो, तो थेंब काचवाल्याने मोजताना धरलेलाच नाही. तो काचेचा आहे. तुम्ही तो घेतलात तर चोरी झाली.” चोरी हा शब्द त्यांच्या मनात खोल गेला. कित्येक महिने तो थेंब सोडताना आईच्या डोळ्यांदेखत आपण काही सांडतो आहोत असे त्यांना होई. मग हळूहळू ती सवय झाली, सवयीचे व्रत झाले, आणि व्रताचा अभिमान. आणि आता या दोन पट्ट्यांच्या काचा आईच्याच वळणाच्या निघाल्या. यांच्या काचवाल्याने शेवटचा थेंबही हिशेबात धरला होता. चूक झाली ती आळसाने नव्हे, निष्काळजीपणाने नव्हे. जे शिकवले ते मनापासून पाळल्यामुळे झाली. या विचाराने त्यांना थोडे समाधान वाटले. मग त्या समाधानाची त्यांना शंका आली.

भांडारपाल नुकतेच कुलूप उघडीत होते. ते कोणतीही वस्तू देताना तीन सह्या घेत आणि कोणताही कागद फेकत नसत.

“त्या नव्या पिपेटांच्या खोक्यात काही चिठ्ठी होती का हो?”

“होती तर.” त्यांनी क्षणात फाईल काढून चिठ्ठी पुढे केली. तीत बारीक अक्षरांत लिहिले होते की, वर दोन पट्ट्या असलेल्या पिपेटमधील अखेरचा थेंब फुंकून काढावा.

“तुम्ही वाचली होती ही?”

“वाचायला मला कुणी सांगितलंय? मी जपून ठेवली. कागद गेला असता तर माझी चूक. कागद आहे.”

त्यात खोटे असे काही नव्हते. थेंबकाका आपल्या टेबलाकडे परतले.

आता प्रश्न गणिताचा होता. दर वेळी दहाऐवजी नऊ ऐंशी, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव. आणि ही क्रिया तीनदा. पहिल्या फ्लास्कमध्ये शंभर नव्हते, अठ्ठ्याण्णव होते. दुसऱ्यात त्या अठ्ठ्याण्णवाचे पुन्हा शंभरात अठ्ठ्याण्णव, आणि तिसऱ्यात त्याचेही. शून्ये काढून काम भागत नव्हते. प्रत्येक शून्याबरोबर कातडीचा एक पापुद्राही निघाला होता. त्यांनी जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने मांडले. अठ्ठ्याण्णव गुणिले अठ्ठ्याण्णव, नऊ हजार सहाशे चार. त्याला पुन्हा अठ्ठ्याण्णवने गुणताना हातचे विसरले, खोडले, पुन्हा मांडले, आणि बेरीज आली नऊ लाख एक्केचाळीस हजार एकशे ब्याण्णव. एवढा मोठा आकडा त्यांनी शाळा सोडल्यानंतर प्रथमच स्वतः निर्माण केला होता, आणि ते त्याच्याकडे जरा वेळ नुसतेच पाहत राहिले. दशांश चिन्ह योग्य ठिकाणी बसवले, तेव्हा तो पॉइंट चौऱ्याण्णव आणि वर थोडे असा झाला. म्हणजे आठ आठवडे ज्या बाटलीवर ते सुवाच्य अक्षरात ‘एक’ लिहीत होते, तीत एक नव्हताच. मग मुख्य प्रयोगशाळेच्या पॉइंट ऐंशीला त्यांनी याने गुणले. आले पॉइंट पंचाहत्तर. त्यांचा चेहरा पडला. पंच्याऐंशी यावयास हवे होते! मिळाले ते उलट्या दिशेला. द्रावण कमी भरले तर पाण्यातील लोहही कमीच दिसावयास हवे, नाही का? त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करीत होते, ती खोकत होती, थांबत होती, पुन्हा खोकत होती. आणि त्या खोकण्याच्या मधल्या एका शांततेत त्यांना पोस्टातल्या बाई दिसल्या, त्यांची सून दिसली, ती काडीसारखी नर्स दिसली. माप तोकडे झाले की माणूस जाड होतो! द्रावण अशक्त, म्हणून शहराचे पाणी सशक्त. गुणावयाचे नव्हते, भागावयाचे होते. त्यांनी भागाकार मांडला. आठ, मग चार, मग नऊ, मग पुन्हा नऊ, मग आठ, आणि पुढे भागण्याची गरजच उरली नाही. पंच्याऐंशीच्या इतके जवळ की मधे नखही जाऊ नये.

त्यांना एवढा आनंद झाला की, तो कोणाला तरी सांगावा म्हणून ते उठून दारापर्यंत गेले, आणि दाराशी थांबले. कारण दारापलीकडे साहेबांची खोली होती. हे सांगणे म्हणजे चूक माझी असे सांगणे होते. मग ते टेबल गेलेच. न सांगितले तर? आजपासून थेंब फुंकावयाचा, बस. उद्यापासून एक हा एकच असेल. कोणाला काही कळणार नाही, आणि पुढच्या परीक्षेत प्रयोगशाळा अशी उत्तीर्ण होईल की साहेब म्हणतील, थेंबकाका, तुमचा हात म्हणजे हात. हे दृश्य त्यांनी मनात इतक्या तपशिलाने पाहिले की, साहेबांच्या शर्टाचा रंगही त्यांना दिसला. आठ आठवड्यांचे अहवाल मात्र तसेच राहतील. कुठल्या तरी विहिरीवर उगाच लोहाचा आळ राहील. विहीर काही तक्रार करावयास येत नाही. ते दाराशी असे उभे असतानाच दार बाहेरून उघडले गेले आणि त्यांच्या नाकावर आदळता आदळता राहिले.

“अय्या, काका! लागलं का?” बाई आत आल्या. त्यांच्या हातात टाईप केलेला कागद होता. डोळे जागरणाने सुजलेले, परंतु चेहऱ्यावर एक विचित्र मोकळेपणा होता. “झालं. मी लिहून टाकलं. गणना करताना माझ्याकडून चूक झाली. कबूल करून मोकळी होते.”

“कुठे चुकलात?”

“ते सापडत नाही हो. चौदा वेळा केलं. पण कुठेतरी चुकलंच असणार ना!”

“आणि तुमची नोकरी? कायम व्हायचंय अजून.”

“बघू. आई म्हणतेय, ये परत, तुझी खोली तशीच ठेवलीय. पण काका, कशावर तरी सही करून टाकली की झोप तरी लागेल.”

थेंबकाकांना प्रथम वाटले ते आश्चर्य, आणि मग, त्यांचे त्यांनाच नवल वाटावे असा, राग. जी चूक सापडलीच नाही ती कबूल करावयाची? एवढा भागाकार जिने चौदा वेळा बरोबर केला तिने? शहाण्या गणिताचा हा अपमान होता. दाराशी उभे राहून चाललेला सारा विचार त्या रागात कुठच्या कुठे गेला. तो पुन्हा शोधावा असेही त्यांना वाटले नाही.

“न सापडलेली चूक कबूल करायची नसते, बाई,” ते म्हणाले. “सापडलेली करायची. ही घ्या.”

बाईंनी रजिस्टरची पाठ वाचली. एकदा भराभर, मग बोट ठेवून सावकाश. “अठ्ठ्याण्णव तीनदा,” त्या पुटपुटल्या. “पॉइंट नऊ चार एक. मग भागिले… काका!” त्यांनी पिपेट हिसकावून घेतले, टोकाकडे पाहिले, पट्ट्यांकडे पाहिले, आणि खो-खो हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. “म्हणजे माझं बरोबर होतं! चौदाच्या चौदा वेळा बरोबर होतं! आणि तुम्ही पहिल्या दिवशी मला काय सांगितलंत? थेंब मागायचा नाही!”

“सांगितलं खरं.”

“मी तर बाटलीतला शाम्पूसुद्धा सोडून द्यायला लागले होते काका, तुमच्यामुळे!”

दोघे साहेबांकडे गेले. साहेबांनी रजिस्टरची ती पाठ उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली, मग गणकयंत्रावर आकडे दाबून पाहिले.

“म्हणजे हात थरथरत नाही.”

“नाही साहेब. थरथरला असता तर बरं झालं असतं. एखादा तरी बरोबर आला असता.”

साहेबांच्या ओठाची एक कड हलली. “हे कुणी करून दिलं? बाईंनी?”

“मी नाही,” बाई म्हणाल्या. “मी फक्त हसले.”

“आठ आठवड्यांचे लोहाचे सगळे अहवाल दुरुस्त करावे लागतील. फुगलेला प्रत्येक आकडा या पॉइंट चौऱ्याण्णवने गुणून खाली आणायचा. दोघांनी मिळून. आणि स्पष्टीकरणात हेच जाईल, आहे तसं.” त्यांनी पेन खाली ठेवले. “टेबलाचं मात्र मी अजून काही बोलत नाही. विक्रेत्याने आज नमुन्याची बाटली पाठवलीय. लोह, एक मिलिग्रॅम, प्रमाणपत्रासकट. तुम्ही तुमचा एक करा. त्यावर काटा बसवू आणि त्यांचा एक लावून बघू. जुळलं तर टेबल तुमचं, त्यांच्या बाटल्या घ्यायच्या नाहीत. नाही जुळलं तर बाटल्या घेऊ आणि तुम्ही खुर्चीवर.”

“गादीवर,” थेंबकाका म्हणाले.

“हो, गादीवर.”

त्यांनी मूळ द्रावण काढले. पहिल्या वेळी फुगा दाबताना त्यांना चारचौघांत मोठ्याने बोलल्यासारखे अवघड झाले. दुसऱ्या वेळी तेवढे झाले नाही. तिसऱ्या वेळी फ्लास्कच्या मानेत वळसा रेघेकडे सरकत असताना साहेब आणि बाई दोघेही मागे उभे आहेत, हे त्यांच्या पाठीला कळले, आणि तेव्हा, खरोखरच, हात थरथरला. अगदी थोडा. ते थांबले. घाई कोणालाच नव्हती. हात कुणाचाही थरथरावा असाच तो क्षण आहे असे त्यांनी त्याला मनात समजावून सांगितले; मुलाला शाळेच्या दाराशी सांगतात तसे. त्याने ऐकले. दोन थेंब. रेघ.

विक्रेत्याच्या बाटलीचे सील तोडले गेले. यंत्र रंगावरून मोजते, तो रंग येण्यासाठी प्रत्येक नमुन्यात औषध घालून दहा मिनिटे थांबावे लागते. ती दहा मिनिटे तिघांनीही एकमेकांकडे न पाहता काढली. मग बाईंनी शुद्ध पाण्यावर काटा शून्यावर आणला, थेंबकाकांच्या द्रावणावर एकावर बसवला, आणि प्रथम, कोणी सांगितले नसताना, परीक्षेच्या बाटलीतील उरलेले पाणी लावले. “पॉइंट ऐंशी,” त्या म्हणाल्या. साहेब “हं” म्हणाले. मग विक्रेत्याचा नमुना लावला गेला. थेंबकाकांनी काट्याकडे पाहिले नाही. ते खिडकीबाहेर पाहत होते, तेथे पलीकडच्या गच्चीवर एक गृहस्थ खुर्चीचे वेत पुन्हा विणीत बसले होते. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात एक क्षुद्र इच्छा होती, की विक्रेत्याचे चुकावे. त्यांची ती प्रमाणपत्रवाली बाटली पॉइंट सत्त्याण्णव निघावी. पण मग आपले टेबल जाईल, हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत बाई बोलल्या होत्या.

“एक. बरोबर एक.”

साहेबांनी स्वतः वाकून पाहिले. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, “ठीक आहे. बाटल्या नकोत. टेबलाजवळची खिडकी कुरकुरते, तेल घाला तिला,” आणि निघून गेले. झुलते दार दोनदा हलले. बाई काहीतरी बोलत होत्या, अहवालांची यादी, कुठून सुरुवात करावी, आधी चहा की आधी यादी. थेंबकाकांना ऐकू येत होते आणि येत नव्हते. त्यांनी ती छोटी बाटली हातात घेतली. कुठल्या तरी शहरात, जे त्यांनी पाहिले नव्हते आणि पाहणार नव्हते, कोणीतरी एक मनुष्य खिडकीशी उभा राहिला असेल. पुरुष असेल, बाई असेल. त्याच्या पिपेटला पोट असेल किंवा पट्ट्या असतील, ते त्याला ठाऊक असेल. त्याने हजारातून एक एक शून्य उतरवले असेल आणि डोळा रेघेच्या पातळीवर आणून श्वास धरला असेल. त्याला थेंबकाका ठाऊक नव्हते, आणि थेंबकाकांना तो. दोघांनी वेगवेगळ्या पाण्यातून, वेगवेगळ्या काचेतून निघून एकाच ठिकाणी येऊन पोहोचावे, मधल्या एवढ्या प्रचंड जगात कुठेही हातचा न विसरता! त्यांना कोणी खांद्यावर हात ठेवल्यासारखे वाटले. बाटलीवर नाव नव्हते, केवळ मालाच्या तुकडीचा क्रमांक होता. त्यांनी तो नोंदवहीत सुवाच्य अक्षरात उतरवला. शेऱ्याच्या रकान्यात अशा वेळी ‘जुळले’ एवढेच लिहावयाचे असते. त्यांनी लिहिले, ‘जुळले. आनंद झाला.’

नोंदवही संध्याकाळी सहीसाठी आत गेली आणि परत आली. खाली साहेबांची सही होती. ‘आनंद झाला’ त्यांनी खोडले नव्हते.